दोन नंबरचा ब्रश

मागचं अंगण अकरा फूट बाय सात.
त्यात एक नळ, एक धुण्याचा दगड,
आणि उरलेल्या जागेत काय लावावं यावर
सुदामानगरातल्या प्रत्येकाचं एक मत.

आंबा नको, मुळं टाकीत शिरतील.
पेरूवर पोपट येतात, आपल्याआधी जेवून जातात.
लिंबू लावा, म्हणाल्या कोठारीबाई,
फक्त काटे आमच्या बाजूला नकोत.
पपई मी एकदा करून पाहिली होती:
पाच रोपं, पाचही नर,
फुलांचे झुपके आणि फळाच्या नावाने शून्य.

सीताफळ आणलं कारण ते ठेंगणं राहतं,
बकरी तोंड लावत नाही,
आणि यांना आवडतं.
हे शेवटचं कारण रोपवाल्याला सांगितलं नाही.

तीन उन्हाळे फुललं.
हिरवट, जाड पाकळ्यांची, मान खाली घातलेली फुलं,
फूल आहे हे सांगावं लागतं अशी.
इंदूरची झळ लागली की सगळी
धुण्याच्या दगडावर.
गेंदालालने पानं उलटीपालटी करून पाहिली.
"बाईजी, झाड में खोट नी है.
मिलानेवाला कीड़ा नी आ रिया."

मग त्यानेच समजावलं, दुसरीकडे बघत, जरा लाजत:
हे एकच फूल आज बाई असतं, उद्या बाप्या.
आज पाकळ्या जेमतेम किलकिल्या, आत ओलं.
उद्या सताड उघडं, पराग सांडतंय,
पण तोवर ओल सुकलेली.
एका फुलाची स्वतःशीच चुकामूक.

मला हसू आलं. त्याला वाटलं, त्यालाच हसते.

एकोणीस वर्षं यांची मिलमध्ये रात्रपाळी.
सकाळी साडेसातला सायकल भिंतीला टेकायची,
कानांत, भुवयांवर कापसाचा भुगा,
आणि साडेसातलाच मी शाळेला निघायचे.
दारात किल्ली या हातातून त्या हातात,
आणि भाजी कुठली आहे, एवढं बोलणं.
गादी कायम ऊबदार, तीवर माणूस कायम एकच.
मुलगी कशी झाली?
रविवारी झाली.

आता संध्याकाळी हे खुर्ची घेऊन झाडाखाली बसतात,
सताड उघडी फुलं खुडून
जुन्या पोस्टकार्डावर झटकतात.
हात हल्ली थरथरतो, या कामाला तो बरा पडतो.
चिमूटभर पिवळट पूड. ती डबीत,
डबी फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी,
वर चिठ्ठी: खाऊ नये.

सकाळी साडेसहाला माझी पाळी.
नातवाच्या रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश,
जवळचा चष्मा,
किलकिली पाकळी बोटाने धरून
आत गोल, सगळीकडून, सावकाश.
झालेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा.
भिंतीवरून कोठारीबाई: कसलं हो व्रत?
मी म्हटलं, सीताफळाचं.
त्यांनी बिचाऱ्यांनी हात जोडले.

एकतीस दोरे.
अठरा गळाले, त्यातले चार तरी माझ्या जाड बोटांपायी.
दोन पिठ्या ढेकणांनी खाल्ली,
मुंग्या त्यांच्या पहाऱ्याला.
उरली अकरा.

डोळे उघडेपर्यंत थांबायचं असतं.
हे थांबत नाहीत, रोज अंगठ्याने दाबून येतात.
ऑक्टोबरात पहिलं उतरवलं, ते वाकडं:
एका अंगाने टपोरं, दुसऱ्या अंगाने चपटं.
जिथे ब्रश पोचला नाही तिथे डोळाच भरला नव्हता.
मी म्हटलं, चुकलंच माझं.
हे म्हणाले, "नाही, त्या दिवशी मधेच
दूधवाल्याने हाक मारली होती."

म्हणजे खिडकीतून बघत होते.

टपोरी बाजू त्यांनी मला दिली,
चपटी स्वतः चमच्याने खरवडली.
बिया धुऊन दगडावर मांडल्या, सत्तावीस,
काळ्या, चकचकीत.
आता या कुठे लावणार, मी विचारलं,
अकरा बाय सातात?

हे भिंतीपलीकडे बघत होते.
"कोठारीबाईंकडे," म्हणाले, "जागा पुष्कळ आहे."